काटकसर आणि संयम

काटकसर ही आपल्या मध्यमवर्गीय घरांची जुनी गृहदेवता होय. चुलीच्या मुख्य जाळावर भाकरी भाजत असता वैलावर दूध तापत ठेवावयाचे, रात्री निखारे राखेत पुरून सकाळी त्यांवरच नवा विस्तव फुलवावयाचा, एका बंबाच्या पाण्यात साऱ्या घराच्या आंघोळी उरकावयाच्या, ह्या गोष्टी कोणत्याही शाळेत शिकविल्या जात नव्हत्या. सासूने सुनेस आणि आईने मुलीस त्या सहज दिल्या. लाकडाची मोळी डोक्यावरून येत असे, कुऱ्हाडीने फोडावी लागे आणि तिचा ढीग दिवसागणिक कमी होताना डोळ्यांस दिसे. त्या काळच्या इंधनास वजन होते, धूर होता, वास होता. म्हणूनच त्याच्या नाशाची जाणीवही होती.

आज चूल गेली, बंब गेला, घासलेटचा कंदीलही बहुतेक घरांतून दिसेनासा झाला, आणि त्यांच्या जागी भिंतीतील एक लहानशी कळ आली. कळ दाबताच दिवा लागतो, पंखा फिरतो, पाणी तापते. विजेला वजन नाही, धूर नाही, वास नाही. ती किती खर्ची पडली हे महिन्याच्या अखेरीस देयकाच्या कागदावरूनच काय ते कळते. जुन्या काटकसरीस डोळे होते. नव्या सुखसोयींनी ते झाकून टाकले आहेत. अशा स्थितीत घरातील विजेचा व इंधनाचा वापर कमी करण्याची जी खटपट आज अनेक कुटुंबे करू लागली आहेत, तिच्याकडे केवळ खर्च वाचविण्याची युक्ती म्हणून पाहावे, की तिच्यात काही नैतिक कर्तव्यही आहे असे मानावे? आणि तसे कर्तव्य असेल तर ते घरातील कोणी आणि कोणाप्रीत्यर्थ करावयाचे? ह्या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

विचारासाठी उल्हासनगरासारखे दुसरे गाव क्वचितच सापडेल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ सैन्यासाठी छावणी उभारली गेली. युद्ध संपले आणि देशाची फाळणी झाली, तेव्हा सिंधमधून घरदार सोडून आलेल्या हजारो कुटुंबांस ह्याच छावणीच्या लांबलचक बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि जवळून वाहणाऱ्या नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी छावणीचीच भाषा राहिली. आजही तेथील मनुष्य आपला पत्ता कॅम्प एक, कॅम्प दोन असाच सांगतो. ज्या गावाचा आरंभच टंचाईत झाला, त्या गावात आज कमी वापरण्याचा उपदेश करणे म्हणजे काय, हा प्रश्न इतरत्र पुस्तकी वाटेल. येथे तो जिवंत आहे.

कॅम्प दोनमधील माझ्या परिचयाच्या एका सिंधी कुटुंबात गेल्या दोन वर्षांत ह्या प्रश्नाने बरीच उलथापालथ केली. घरात ऐंशी ओलांडलेली आजी, कापडाचे दुकान चालविणारा तिचा मुलगा, सून, अभियांत्रिकीचा अभ्यास करणारा नातू आणि शाळेत जाणारी नात अशी पाच माणसे. नातवाने एके दिवशी वीजमापकाचे आकडे रोज वहीत टिपण्यास आरंभ केला. महिन्याचा हिशेब तीनशे युनिटांच्या खूप वर जात होता. आणि आपल्याकडे शंभर युनिटांपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा, पुढे पाचशेपर्यंत तिसरा अशी चढती भाजणी असल्यामुळे वरचे युनिट अधिकच महाग पडत होते. हा खर्च उतरविण्याचा चंग त्याने बांधला. हेतू चांगला होता, उत्साह दांडगा होता. आणि उत्साही सुधारकाच्या हातून जे बहुधा घडते तेच येथेही घडले. जेथे विरोध कमी तेथे त्याने प्रथम हात घातला.

पहिला हात पडला तो आजीच्या दिव्यावर. दाराशी एक दिवा रात्रभर जळत ठेवण्याची तिची कित्येक वर्षांची रीत होती. तो रात्री दहा वाजता बंद व्हावा असा नियम झाला. दुसरा नियम असा की कपडे धुण्याचे यंत्र आठवड्यातून दोनदाच चालवावयाचे. बाकीचे कपडे हाताने. तिसरा, नातीने अभ्यासाच्या वेळी खोलीतला मोठा दिवा न लावता मेजावरचा लहान दिवा लावावा. वडिलांच्या निजावयाच्या खोलीत मात्र वातानुकूलन यंत्र होते. त्याविषयी बोलणे प्रशस्त नव्हे म्हणून तो विषय पुढच्या महिन्यावर गेला, आणि मग त्याच्याही पुढच्या.

आता ह्या नियमांची थोडी आकडेमोड करून पाहावी, कारण नीतीच्या प्रश्नांतदेखील अंकगणितास पुष्कळ मान आहे. आजीचा दिवा नऊ वॅटचा. तो रात्री दहा तास जळला तर नव्वद वॅट-तास, म्हणजे महिन्याला पावणेतीन युनिटांच्याही किंचित आत. उलट दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण भाराने चालत असता तासाला सुमारे दीड युनिट खाते. म्हणजे आजीच्या दिव्याची महिनाभराची वीज त्या यंत्राने दोन तासांच्या आत संपविली असती. कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी तापविले नाही तर एका खेपेस अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते; पण तेवढेच कपडे हाताने धुवावयाचे तर सुनेचा तास दीड तास आणि तिची कंबर खर्ची पडते. बचतीच्या वहीत वीज मांडलेली होती. सुनेचे श्रम आणि आजीची झोप ह्यांस वहीत रकानाच नव्हता.

हे ध्यानात आणून दिले ते सुनेने. तिचे म्हणणे थोडक्यात असे होते की, वीज वाचली असे तुम्ही म्हणता, पण वाचलेली वीज माझ्या हातांतून गेली. ती वाचली नाही, तिचे नाव तेवढे बदलले. आजीचे म्हणणे ह्याहून साधे होते. ती लहान मुलगी असताना बराकीत राहावयास आली. मधल्या भिंती गोणपाटाच्या. साऱ्या ओळीत मिळून एखाद-दुसरा कंदील. रात्री बाहेर जावयाचे तर अंधारातून लांब जावे लागे. अंधार पुरेसा पाहून झाला आहे, असे ती म्हणाली. त्या दाराशी जळणारा दिवा तिच्या लेखी चैन नव्हती. आपण आता छावणीत नसून घरात आहोत ह्याची ती रोज रात्री पटणारी खूण होती.

येथे आपणांस काटकसर आणि संयम ह्यांतील भेद दिसू लागतो. काटकसर आपल्या खिशाकडे पाहते, संयम दुसऱ्याकडे पाहतो. काटकसर म्हणते, मला कमी पैशात भागवावयाचे आहे. संयम म्हणतो, माझ्या भोगाचा भार दुसऱ्यावर पडू नये. दोहोंची कृती पुष्कळदा एकच असते, दिवा दोघेही मालवितात. परंतु काटकसरीस दिवा कोणाचा हे पाहण्याचे कारण नसते, संयमास मात्र तोच पहिला प्रश्न असतो. आणि तिसरी एक गोष्ट आहे, जी ह्या दोहोंच्या वेषात वावरते, ती म्हणजे टंचाई. जिला निवडीचा अधिकार नव्हता, त्या बराकीतील मुलीचा अंधार हा संयम नव्हे. गरिबाच्या कमी वापरास सद्गुण म्हणून गौरविणे हा सुखवस्तू मनाचा एक जुना लबाड छंद आहे. ज्याने कधी भरपूर घेतलेच नाही त्याला त्याग कसा शिकविणार?

पण मग ह्या सद्गुणाचा पाया तरी कोणता? दिवा माझा, पैसा माझा, देयक मी भरतो. मग मी कमी वापरावे असे सांगणारा तू कोण, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे.

मुंबईच्या गिरण्यांस वीज पुरविण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी खोऱ्यात धरण बांधण्याचे ठरविले, तेव्हा ज्यांची शेते व घरे पाण्याखाली जावयाची होती त्या मावळ्यांनी १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट हे त्या लढ्यामुळेच सेनापती म्हणून महाराष्ट्रास माहीत झाले. लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. धरण झाले, गावे बुडाली, आणि १९२७ मध्ये सह्याद्रीच्या पायथ्याशी भिरा येथील वीजगृह सुरू झाले. पुढे स्वतंत्र भारतात कोयनेचे धरण झाले. त्याच्या चारही टप्प्यांची मिळून १,९६० मेगावॅटची वीज महाराष्ट्राचे भूषण ठरली, आणि कोयनाकाठची माणसे आपली कुलदैवते बरोबर घेऊन परक्या जिल्ह्यांत वसावयास गेली. आज चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र चालते ते कोळशावर. तो कोळसा जेथून निघतो तेथील जमीन, आणि त्याची राख जेथे पडते तेथील हवा, ह्यांची किंमत आपल्या देयकात लिहिलेली नसते. कोळशापासून होणाऱ्या एका युनिटामागे सुमारे पाऊण किलो कोळसा जळतो असे धरले, तर शंभर युनिटे म्हणजे पाऊण क्विंटल कोळसा झाला. तो गोण्यांत भरून आपल्या दाराशी आणून टाकला असता, तर एकही गृहिणी त्याचा हिशेब ठेवल्यावाचून राहिली नसती.

तात्पर्य, पैसे भरले म्हणजे ऋण फिटले असे नाही. बाजारभावाने जे फिटते ते वीज कंपनीचे देणे. परंतु मुळशीच्या बुडालेल्या शेताचे, कोयनेच्या उठलेल्या गावाचे, चंद्रपूरच्या उन्हाने व राखेने गांजलेल्या मनुष्याचे देणे कोणत्याही खिडकीवर स्वीकारले जात नाही. ते फेडण्याचा मार्ग एकच उरतो, की आपण निरर्थक घेऊ नये. आणि हे देणे केवळ मागच्यांचे नाही, पुढच्यांचेही आहे. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदी फुगून बदलापूर, उल्हासनगर व कल्याण ह्यांचे जे हाल झाले, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकून सुमारे हजार प्रवाशांस नावांतून बाहेर काढावे लागले, ते ह्या भागातील लोक विसरलेले नाहीत. एखाद्या विशिष्ट पुराचे खापर एकाच कारणावर फोडणे शास्त्रास धरून होणार नाही. नदीकाठची बांधकामे, बुजविलेले ओढे, अरुंद झालेली वालधुनी ह्यांचाही त्यात वाटा आहे. तथापि कोळसा व तेल जाळल्याने पृथ्वीचे वातावरण तापते आणि तापलेल्या हवेत अधिक बाष्प मावून अतिवृष्टीची तीव्रता वाढते, हे आता वादाचे राहिलेले नाही. जे मूल आज पाळण्यात आहे त्याच्या वाट्याचा पाऊस कसा असेल, हे काही अंशी आपल्या भिंतीतील कळाही ठरवीत आहेत.

ह्यावर पहिला आक्षेप असा येतो की, एका घराने काय होणार? हजारो मेगावॅटच्या व्यवहारात आजीचा दिवा आणि वडिलांचे यंत्र ह्यांची गणना कोण करतो? आक्षेप क्षुल्लक नाही. डेरेक पार्फिट ह्या इंग्रज तत्त्वचिंतकाने १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ह्याच शंकेचा विचार एका कल्पित उदाहरणाने केला आहे. वाळवंटात दहा हजार जखमी माणसे तहानेने तळमळत आहेत, आणि दहा हजार दात्यांपाशी थोडे थोडे पाणी आहे. प्रत्येकाने आपले पाणी एका मोठ्या टाकीत ओतले तर ते सर्वांत वाटले जाईल. एका दात्याच्या पाण्याने कोणत्याही एका तहानलेल्यास जो फरक पडेल तो त्यास जाणवणारदेखील नाही. म्हणून प्रत्येकाने पाणी राखून ठेवले तर सारेच तहानेने तळमळत राहतील. फरक जाणवत नाही म्हणून तो नाही, असे म्हणणे चुकीचे आहे, हा त्याचा निष्कर्ष. आपल्याकडे लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकसंग्रहाचे जे विवेचन केले आहे, त्याचाही रोख काहीसा असाच दिसतो. कर्तव्याचे प्रयोजन फळाच्या आकारावर अवलंबून नसते. आणि एकाचे आचरण दुसऱ्यास मार्ग दाखविते, हेही एक फळच आहे.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे, आणि तो अर्थशास्त्राकडून येतो. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स ह्याने १८६५ सालीच दाखवून दिले की वाफेची यंत्रे सुधारून कमी कोळशात अधिक काम करू लागली, तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट अधिक जळू लागला. कारण स्वस्त झालेली शक्ती लोकांनी अधिक ठिकाणी वापरली. आपल्या घरांतूनही हेच घडताना दिसते. साठ वॅटच्या जुन्या दिव्याच्या जागी नऊ वॅटचा एलईडी दिवा आला. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेने तो घरोघर स्वस्तात पोचविला, ही निःसंशय मोठी गोष्ट झाली. रोज सहा तास जळणाऱ्या एका दिव्यामागे महिन्याला नऊ युनिटे वाचली. परंतु तीच नऊ युनिटे दीड टनाच्या वातानुकूलन यंत्रास सहा तासांच्या एका रात्रीत पुरतात. दिव्याच्या बचतीतून हलका झालेला खिसा जर नव्या यंत्राच्या हप्त्याकडे वळला, तर एका दिव्याची महिनाभराची बचत एका रात्रीत थंड हवा होऊन गेली असे समजावे.

म्हणून यंत्राची सुधारणा आवश्यक असली तरी ती पुरेशी नाही. यंत्र काटकसर करू शकते, संयम करू शकत नाही. चांगल्या प्रतीचा पंखा पंच्याहत्तर वॅटचे काम तीस वॅटमध्ये करील आणि रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिटे वाचवील. पण रिकाम्या खोलीत तो फिरू द्यावा की नाही, हे पंखा ठरवीत नाही. २००६ पासून यंत्रांवर ताऱ्यांची चिठ्ठी लागू लागली. १ जानेवारी २०२० पासून नव्या वातानुकूलन यंत्रांचे तापमान मूळचेच २४ अंशांवर ठेवलेले असावे असा नियम झाला. आणि तापमान एक अंशाने वाढविले तर सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. हे सारे उपयुक्त आहे. परंतु त्या २४ अंशांस १८ करणारे बोट मनुष्याचेच असते. पुरे हा शब्द कोणत्याही यंत्रात बसविता येत नाही. तो मनातच उच्चारावा लागतो.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि माझ्या मते तोच खरा. संयम करावयाचा तर तो कोणी? २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने भारनियमनाच्या अंधारात काढली. खेड्यांतून दिवसाचे कित्येक तास वीज जाई. कल्याण-उल्हासनगरासारख्या शहरांसही तिचा चटका बसला. मुंबई शहर मात्र त्यातून बहुतांशी सुटले. पुढे असेही ठरले की ज्या भागात वीजगळती व थकबाकी अधिक, त्या भागात अंधारही अधिक. ह्या नियमात एक कठोर तर्क होता. परंतु आकडा टाकणाऱ्या शेजाऱ्याच्या चोरीबद्दल वेळेवर देयक भरणाऱ्या मनुष्याच्या मुलाने परीक्षेच्या रात्री अंधारात बसावे, ह्यात न्याय किती होता हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे. समाजाने बचत केली असे त्या वेळी म्हणता आले असते, कारण वीज खरोखरच कमी जळली. पण ती बचत नव्हती. ती दुर्बळाकडून वसूल केलेली होती. कॅम्प दोनमधील त्या घरात आजीचा दिवा मालविण्याचा जो नियम झाला, तो हाच राज्यव्यवहार घराच्या चार भिंतींत आणणारा होता.

घरातील वापर आणि उद्योगातील वापर ह्यांतही विवेक केला पाहिजे. उल्हासनगरात अनेक घरांतून शिलाईची यंत्रे चालतात. तेथील जीन्सचे कपडे देशभर जातात. ज्या खोलीत रात्री अकरापर्यंत यंत्र आणि दिवा चालू असतो ती खोली वीज उधळीत नाही, पोट भरीत असते. शेजारच्या इमारतीतील रिकाम्या दिवाणखान्यात जळणारा तितक्याच वॅटचा दिवा आणि हा दिवा वीजमापकास सारखेच दिसतात. नीतीस ते सारखे दिसता कामा नयेत. वीजमापक मोजतो, तोलीत नाही.

ह्या साऱ्याचा उलगडा मला एका जुन्या कहाणीत सापडतो. श्रावणी सोमवारी आपल्या घरांतून वाचली जाणारी खुलभर दुधाची कहाणी बहुतेकांस ठाऊक आहे. राजाच्या मनात आले की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. दवंडी पिटली, घरोघरचे सारे दूध देवळात गेले, मुलांस मिळाले नाही, वासरांस मिळाले नाही. तरी गाभारा भरेना. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरचे कामकाज आटोपले होते, मुलाबाळांस खाऊ घातले होते, वासरांस पाजले होते, आणि उरलेले खुलभर दूध घेऊन ती आली होती. तिने ते ओतले आणि गाभारा भरून आला.

उल्हासनगरापासून अगदी जवळ अंबरनाथचे शिवालय आहे. त्यातील शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असा काळ कोरलेला आहे. त्याचा गाभारा जमिनीच्या पातळीहून खाली असून पायऱ्या उतरून त्यात जावे लागते. त्या खोल गाभाऱ्यात उभे राहिले असता ही कहाणी आठवल्यावाचून राहत नाही. राजाने जे केले तेही दानच होते. परंतु ते दुसऱ्याच्या तोंडचे काढून केलेले दान होते, आणि म्हणून मोठे असूनही अपुरे पडले. म्हातारीने प्रथम ज्याचा घास त्यास दिला आणि मग आपले उरलेले वाहिले. तिचे दूध थोडे होते, पण त्यात कोणाची भूक मिसळलेली नव्हती. घराने बचत करावयाची तर ती म्हातारीच्या रीतीने करावयाची, राजाच्या रीतीने नव्हे. लेकराच्या अभ्यासाचा उजेड, आजाऱ्याचा पंखा, वृद्धेचा निर्धास्तपणा, गृहिणीच्या श्रमांस मिळणारा विसावा, ही घरातील मुले आणि वासरे होत. ती तृप्त करून मग जे उरते त्यात हात आखडावयाचा. आणि खरे पाहता पुष्कळ तेथेच असते.

त्या कुटुंबाने पुढे जे केले ते ह्याच रीतीचे म्हणता येईल. नातवाने आपली वही नव्याने आखली आणि तीत एक रकाना वाढविला: ही बचत कोणाच्या वाट्याची. हा रकाना भरू लागताच पहिले तीन नियम आपोआप गळून पडले. आजीचा दिवा राहिला. नातीच्या खोलीतील मोठा दिवा राहिला. कपड्यांचे यंत्र राहिले, फक्त ते पूर्ण भरल्यावाचून चालवावयाचे नाही असे ठरले. वातानुकूलन यंत्राचा विषय अखेर निघाला, आणि तो काढला वडिलांनी स्वतः. ते २६ अंशांवर आणि फक्त कडक उन्हाळ्याच्या महिन्यांत चालवावे, त्या रात्री घरातील ज्याला हवे त्याने त्याच खोलीत निजावे, असा ठराव झाला. दोन जुने पंखे बदलले. गच्चीस पांढरा रंग दिला, त्याने वरच्या खोलीचा ताप पुष्कळ कमी झाला. डाळ व कडधान्ये भिजवून मग कुकरात घालावयाची, हा सुनेचा स्वतःचा नियम. तो तिने कोणास विचारून केला नाही. महिन्याचा हिशेब आता तीनशेच्या आत येतो. आकडा नातवाने आरंभी योजिला होता त्यापेक्षा थोडा अधिक आहे, पण त्या आकड्याविषयी घरात कोणाची तक्रार नाही.

ह्यावरून एक सामान्य सिद्धान्त काढता येईल असे वाटते. संयमाचा आरंभ घरात ज्याच्यापाशी अधिक सत्ता व अधिक सुख आहे त्याच्यापासून झाला पाहिजे. खाली पाहून आज्ञा करणारा संयम हा भारनियमनाचाच भाऊ होय. जो वरून, स्वतःपासून सुरू होतो, त्याचेच अनुकरण इतर आनंदाने करतात. आणि ज्यांना करणे शक्य नाही, त्यांच्यावर तो लादला जात नाही. हे घरास जितके लागू तितकेच नगरास आणि राष्ट्रासही लागू आहे. ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा जाळून आपले दिवाणखाने उजळले, त्यांनी आज ज्या घरात प्रथमच दिवा लागत आहे त्या घरास उपदेश करावा, हे आजीचा दिवा मालविण्यासारखेच आहे. आणि आपल्या शहरांतील सुखवस्तू लोकांनी जागतिक अन्यायाचे हे रडगाणे पुढे करून आपले स्वतःचे १८ अंश राखावे, हेही त्याच दोषाचे दुसरे रूप आहे. बाहेरच्या राजास दोष देताना आपण आपल्या घरचे राजे असतो, ह्याचे विस्मरण होऊ नये.

काही वाचक म्हणतील की एवढ्याशा विजेच्या बचतीस धर्माचे नाव देणे अतिशयोक्तीचे आहे. परंतु गृहस्थाश्रमाचे सारे धर्म असेच लहान असतात. अतिथीस पाणी देणे, पानात अन्न न टाकणे, तिन्हीसांजेस दिवा लावणे, ह्यांतील कोणते कृत्य मोठे आहे? त्यांचे मोल त्यांच्या आकारात नसून त्यांच्यामागे उभ्या असलेल्या दृष्टीत आहे. आपल्या सुखाच्या पलीकडे कोणी मनुष्य उभा आहे, हे पाहण्याची सवय लागणे ही लहान गोष्ट नव्हे. चुलीच्या काळी ती सवय लाकडाच्या ढिगाने आपणांस लावली होती. विजेच्या काळी ती आपल्या बुद्धीने आणि सहानुभूतीने लावून घ्यावी लागेल. कारण तारेच्या दुसऱ्या टोकाचा मनुष्य आपल्या अंगणातून दिसत नाही. तो दिसू लागला म्हणजे कोणता दिवा मालवावा आणि कोणता जळू द्यावा, हे सांगण्यास दुसऱ्या कोणा उपदेशकाची जरूर राहणार नाही.